उलटा लगाम

थोरली सकाळी शेडकडे निघाली तेव्हा तिच्या एका हातात डिझेलचा डबा होता, दुसऱ्या हातात ग्रीस गन आणि खांद्याला जेवणाची पिशवी. रोजचीच वाट, रोजचंच ओझं. फरक एवढाच, की आज संध्याकाळी एकतर ती शेड कायमची रिकामी होणार होती, नाहीतर तिच्या बापाची गेलेली अब्रू परत येणार होती. धुकं इतकं दाट होतं की शेडचं दार हाताला लागलं तेव्हाच दिसलं.

आत घोरपड बसली होती. घोरपड म्हणजे साखळीचा ट्रॅक्टर. चाकांच्या जागी दोन्ही अंगांना लोखंडी चेन, पुढे लांबट नाक, मागे पत्र्याची सीट आणि सीटसमोर दोन उंच दांडे. स्टिअरिंगचं चाक नाहीच. डावा दांडा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. धरणावर राबून, दगडखाणीत राबून ती शेवटी कुठेतरी गवतात गंजत पडली होती, तिथून थोरलीच्या बाबांनी तिला उचलून आणलं. कसलाही चढ असो, दगडाला चिकटून चढते, म्हणून घोरपड. बाबांचा तिच्यावर भारी जीव. आई म्हणायची, माझी सवत लोखंडाची आहे, निदान उलटून तरी बोलत नाही.

अशी खुळी माणसं जगात एकटी नसतात. बाबांसारख्यांचं तिथे एक मंडळच होतं, सुरवंट मंडळ. दातांचे डॉक्टर त्याचे अध्यक्ष, बेकरीवाला खजिनदार, बाकी कुणी शिंपी, कुणी निवृत्त इंजिन ड्रायव्हर. वर्षातून एकदा सगळे आपापली जुनी धुडं घेऊन बंद पडलेल्या दगडखाणीच्या तळाशी जमायचे आणि दिवसभर एकमेकांच्या इंजिनांचे आवाज ऐकायचे. ‘तुझं जरा खोकतंय बरं का,’ असं कुणी म्हटलं की समोरचा दोन दिवस जेवत नसे. बायकापोरं कंटाळून घरी जायची, ही मंडळी काही हलायची नाहीत. आणि या सगळ्यांचे वस्ताद होते थोरलीचे बाबा. नव्या माणसाला सीटवर बसवायचं तर त्यांनीच.

खाणीत उतरायला रस्ता एकच. उजवीकडे कापलेल्या दगडाची उभी भिंत, डावीकडे कडा, कड्याखाली पाणी साठून झालेला काळा डोह. मागच्या मेळाव्यात बाबा घोरपड घेऊन त्या उतारावर आले, अर्ध्यापर्यंत आले, आणि तळाशी उभ्या असलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी उजवा दांडा ओढला. घोरपड डावीकडे वळली आणि बाबांना घेऊन डोहात गेली.

आता तुम्ही म्हणाल, उजवा ओढला तर डावीकडे कशी? तिथेच तर मेख आहे. सपाटीवर इंजिन चेनला ओढत नेतं. उतारावर मात्र ते तिला धरून ठेवतं, नाहीतर सगळं वजन धावत सुटेल. अशा वेळी उजवा दांडा ओढला की उजवी चेन इंजिनच्या हातून सुटते, पुढे पळते, आणि यंत्र डावीकडे तोंड फिरवतं. मंडळात याला उलटा लगाम म्हणतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच घोकून घ्यायचं, आणि घोकून घ्यायचे कोण, तर बाबा.

म्हणून मंडळानं काढलेला अर्थ अगदी सरळ होता. म्हातारा कड्याला घाबरला, भिंतीकडे सरकायला गेला आणि घाबरल्या हातांनी सपाटीवरची सवय केली. तेव्हापासून डॉक्टर प्रत्येक नव्या माणसाला तळमळीनं सांगायचे, उलटा लगाम विसरू नका, आमचे वस्तादसुद्धा विसरले आणि जिवाला मुकले.

हे थोरलीच्या फार वर्मी लागलं होतं. बाप गेला, ते दुःख तिनं गिळलं. पण ज्या माणसानं अख्ख्या मंडळाला दांडे धरायला शिकवलं, त्याचं नाव आता फक्त चुकीचा दाखला म्हणून घ्यायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना. शिवाय एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. पडायच्या आधी बाबा ओरडले होते, ‘बाजूला हो.’ बेकरीवाल्यानं ते स्वच्छ ऐकलं होतं. सगळ्यांना वाटलं, ते आपल्यालाच म्हणताहेत. पण सगळे तर तळाशी दोरीमागे होते. उतारावर चिटपाखरूही नव्हतं. मग बाजूला कुणी व्हायचं होतं?

थोरली धंद्यानं वेल्डर. तिनं क्रेन लावून घोरपड डोहातून काढली आणि वर्षभर फावल्या वेळात तिचा एकेक भाग सोडवून, पुसून, डाग देऊन पुन्हा जोडला. धाकटा भाऊ चिडला. ताई, ज्या लोखंडानं बाप खाल्ला त्याला तू तेल पाजतेस, असं तो म्हणाला, आणि त्याचंही चुकत नव्हतं. रडणं दोघांचंही खरंच होतं. शेवटी त्यांचं ठरलं. मेळाव्याच्या दिवशी तिनं स्वतः घोरपड त्याच उतारावरून तळापर्यंत नेली, तर घोरपड राहील. नाही नेली तर भंगारवाल्याचा ट्रक संध्याकाळी शेडसमोर उभा असेल.

तर अशी ती सकाळ. थोरलीनं पिशवी खिळ्याला अडकवली आणि हातोडी घेतली.

जुनं साखळीचं यंत्र सुरू करायच्या आधी चेनच्या पिना वाजवून बघतात. चांगली पिन खणखणीत बोलते, झिजलेली नुसतीच ठप्प करते. डॉक्टर म्हणायचे, आमच्या दातांचंही असंच असतं. लहानपणापासून हे काम बाबा आणि थोरली मिळून करायचे. ती उजव्या अंगाला, बाबा डाव्या. तिनं एक ठोका द्यायचा, मग बाबांनी. मध्ये घोरपडीचं धूड, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, नुसती हातोडी ऐकू यायची.

थोरलीनं पहिली पिन ठोकली. टण्ण.

पलीकडून आवाज आला. टण्ण.

पत्र्याची शेड आहे, घुमतो आवाज, असं म्हणून तिनं दुसरी ठोकली. पलीकडून पुन्हा उत्तर आलं, जरा थांबून, माणूस एक पाऊल पुढे सरकून ठोकतो तसं. शेडमध्ये डिझेलचा, ग्रीसचा, गंजाचा वास होता, आणि त्यात हळूहळू आणखी एक वास मिसळत होता, बाबा खिशात ठेवायचे त्या खोकल्याच्या गोळ्यांचा. थोरलीच्या मानेवर काटा आला. पण हात थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा उचलला गेला नसता. टण्ण. टण्ण. टण्ण. टण्ण. मग तिची पिन खणखणीत वाजली आणि पलीकडून आलं... ठप्प.

ती वळसा घालून डाव्या अंगाला गेली. तिथे कुणी नव्हतं. जमिनीवरच्या धुळीत पावलंही नव्हती. तिनं तीच पिन ठोकून पाहिली. आतून पार झिजलेली. त्या उतारावर ती तुटली असती तर चेन निसटली असती आणि थोरली थेट डोहात गेली असती.

तिनं पिन बदलली. डोळ्यांना धार लागली होती ती बाहीनं पुसली, आणि रिकाम्या शेडला ऐकवलं, “इतकी काळजी होती तर मागच्या वर्षी स्वतःला जपायचं होतं की.”

दुपारी ती घोरपड घेऊन खाणीच्या तोंडाशी पोहोचली. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. सकाळचं धुकं बाकी सगळीकडून उठलं होतं, फक्त खाणीत विरळ होऊन उतरून बसलं होतं. तळाशी मंडळाची यंत्रं रांगेत उभी होती, पण एकाचंही इंजिन चालू नव्हतं. सगळे वर बघत होते. भाऊ एकटाच दोरीच्या टोकाला, हाताची घडी घालून.

डॉक्टर धापा टाकत उतार चढून वर आले. त्यांचा जीव खरंच तुटत होता. तुझ्या बापाला मी डोळ्यांसमोर जाताना पाहिलंय, तुला पाहायचं नाही, असं ते म्हणाले. घोरपड ट्रेलरवरून खाली आणू, तुझ्या भावाला मी समजावतो, त्यात कसला आलाय कमीपणा. बोलता बोलता ते घोरपडीच्या नाकासमोर येऊन उभे राहिले.

बाबांचा एक कायदा होता, आणि तो मंडळात सगळ्यांना पाठ होता. चालू यंत्राच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, उतारावर तर त्याच्या खालच्या अंगाला अजिबात नाही. बोलायचंय ना, मग बाजूला उभं राहून बोला. आई डबा घेऊन आली तरी तिलाही वळसा घालून बाजूनंच यावं लागायचं. एकदा हेच डॉक्टर फोटो काढायला पुढे आले, तर बाबांनी चारचौघांत त्यांची अशी बिनपाण्यानं केली की डॉक्टर महिनाभर रुसून बसले होते. आणि बाबांचं झाडणं म्हणजे अख्ख्या खाणीला ऐकू जायचं. जन्मभर इंजिनाशेजारी बसून कान गेलेले, त्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे. घरातली गुपितं शेजाऱ्यांना आधी कळायची.

“काका,” थोरली म्हणाली, “बाजूला व्हा.”

डॉक्टर गुपचूप बाजूला झाले.

तिनं गिअर टाकला आणि घोरपडीचं नाक खाली झुकलं. एकदा तोंड उताराकडे झालं की मध्ये थांबणं नाही. गिअर काढला तर यंत्र सुटतं, ब्रेक दाबला तर लोखंडी चेन दगडावरून घसरते. हळूहळू, माणसाच्या चालीनं, पण तळ येईपर्यंत जातच राहायचं. चेनच्या पाट्या दगडावर कडकडत होत्या. उजवीकडची भिंत ओली होती. डावीकडे बघायचं नाही, असं तिनं आधीच ठरवलं होतं, तरी डोहाचा वास तिकडूनच येत होता, कुजक्या शेवाळाचा.

अर्ध्या उतारावर धुक्यात कुणीतरी उभं होतं.

भिंतीच्या बाजूला, उजव्या चेनच्या बरोबर पुढ्यात, पाठ करून. अंगात निळा कामाचा शर्ट, तो पाठीला चिकटलेला. घोरपड जवळ जात होती आणि ते हलत नव्हतं. थोरलीनं हॉर्न दाबला. मग त्यानं सावकाश मान वळवली.

बाबा होते. तीच उजव्या भुवईवरची खोक, तेच दाढीचे पांढरे खुंट, केसांतून पाणी ओघळतंय. त्यांनी हात वर केला.

“चिमणे...” ते म्हणाले. “थांब गं... मला लागेल.”

चिमणी तिला बाबांखेरीज कुणी म्हणत नसे. आणि थोरलीच्या लक्षात आलं की तिचा हात आपोआप उजव्या दांड्यावर गेलाय आणि मूठ आवळतेय. कारण त्या माणसाला वाचवायचं तर उजवा दांडाच ओढायला हवा. उतारावर उजवा ओढला की यंत्र डावीकडे जातं. त्याच्यापासून दूर, कड्याकडे.

त्या क्षणी तिला लख्ख कळलं. बाबा विसरले नव्हते. उलटा लगाम त्यांनी अचूक वापरला होता. समोर माणूस उभा होता, त्याला चिरडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी जाणूनबुजून घोरपड कड्याकडे नेली होती. आणि तो माणूस कोण असेल तेही तिला कळलं. खाण चालू होती आणि बाबा तिथे कामाला होते, तेव्हा त्यांचा जोडीदार याच उतारावरून पडून मेला होता, दोघं एकाच यंत्रावर आळीपाळीनं बसायचे. बाबा त्याचं नाव घेत नसत. त्याचं नाव निघालं की उठून जायचे.

“चिमणे... बापाला चिरडशील?”

एवढ्या धडधडाटात ते कुजबुजत होतं आणि तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता, अगदी उशाशी बसून बोलावं तसा. वर्षभर ज्याच्यासाठी ऊर फुटला होता तो समोर होता, हाताच्या अंतरावर, भिजलेला. दांडा ओढणं किती सोपं होतं. फक्त मनगट वळवायचं होतं.

आणि मग तिला राग आला. असा राग, की भीतीला उभं राहायलाही जागा उरली नाही. माझा बाप हळू बोलत नाही. आणि माझा बाप... मेला तरी चालत्या यंत्राच्या पुढ्यात उभा राहत नाही.

“बाबा असतास,” ती ओरडली, आणि तिचा आवाजही बापासारखाच खाणभर गेला, “तर बाजूला उभा राहिला असतास.”

तिनं दोन्ही हात दांड्यांवरून उचलले आणि डोक्याच्या वर धरले. तळाशी कुणाचीतरी किंकाळी फुटली. घोरपड नाकासमोर सरळ चालत राहिली.

ते बाजूला झालं नाही. नाकाखाली जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत होतं, आणि शेवटी शेवटी तो चेहरा बाबांचा नव्हता. कुणाचाच नव्हता. मग घोरपडीचं नाक उजवीकडून उचललं गेलं, चेनखाली काहीतरी आल्यावर उचलतं तसं, क्षणभर तिथेच तोललं, आणि धप्पकन खाली आलं. शेवाळाचा वास तिच्या तोंडात शिरला. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

तळाशी तिनं इंजिन बंद केलं. भाऊ पळत आला, तिच्या पायांना घट्ट धरून ढसाढसा रडायला लागला, आणि मग म्हणाला की हात सोडून चालवतात का गं, गाढवे. तिनं त्याचे केस विस्कटले. भंगारवाल्याला नको म्हणून सांग, एवढंच ती बोलली.

डॉक्टर भिंतीला टेकत टेकत खाली आले. ती त्यांच्याकडे वळली. बाबा चुकले नव्हते, समोर कुणीतरी उभं होतं, त्याला वाचवायला गेले, असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दुसरा कुणी असता तर तिला वेड्यात काढलं असतं. पण बेकरीवाला घसा साफ करून म्हणाला की माणूस काही आपल्याला दिसला नाही, पण मधेच नाक उचललेलं सगळ्यांनी पाहिलंय. आणि त्या रस्त्यावर तर तळहाताएवढा दगडही नाही, काल आपणच झाडलाय.



“तो दाखला मी पुन्हा देणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “शपथ.”

संध्याकाळी मंडळी पलीकडे जेवायला बसली. हसण्याबोलण्याचे आवाज यायला लागले, कुणीतरी कुणाच्या इंजिनाला नावं ठेवायला लागलं, म्हणजे सगळं ठीक झालं. थोरली मात्र हातोडी घेऊन घोरपडीपाशी आली. यंत्र फिरवून आणलं की पिना पुन्हा वाजवायच्या, ही बाबांची शिस्त.

उजव्या अंगाला बसून तिनं ठोका दिला. टण्ण.

डाव्या अंगाकडून उत्तर आलं. टण्ण. खोकल्याच्या गोळ्यांचा वास आला. तिथेच, बाजूला, जिथे माणसानं उभं राहावं तिथे. थोरलीला हसू आलं आणि रडूही आलं.

आणि मग तिसरा ठोका आला. ओला, जड, खालून. घोरपडीच्या पोटाखालून.

वाकून बघावं असं तिला वाटलं, पण ती वाकली नाही. उठली, हातोडी सीटखाली खुपसली आणि दोन्ही दांड्यांमध्ये जाऊन बसली.

“बाबा, बाजूलाच राहा,” ती म्हणाली. “मी हिला वर नेतेय, ते इथे खालीच राहू दे.”

ती अजूनही दरवर्षी घोरपड घेऊन त्याच उतारावरून उतरते. मंडळानं पुष्कळ सांगून पाहिलं, नवा रस्ता काढू, सरळ पलीकडून उतरू. ती ऐकत नाही. त्याच्यासाठी मी रस्ता बदलणार नाही, म्हणते. अर्ध्या उतारावर आली की दोन्ही हात डोक्यावर धरते. खाली सगळे श्वास रोखून बघत असतात. त्या जागी घोरपडीचं नाक उचलतं, आणि पुन्हा खाली येतं.

फक्त दरवर्षी ते आधीपेक्षा थोडं जास्त उचलतं.